पैसा कुठे कमावला, कुठे खर्च होणार? परदेशातल्या माणसाची बँक खाती

सभागृहात आज दोन प्रकारची मंडळी दिसताहेत. काही जण येत्या दोन-चार महिन्यांत परदेशी निघालेले आहेत. उरलेले, म्हणजे बरेचसे, ज्यांची मुलं, सुना, जावई आधीच तिकडे आहेत असे आईवडील. दोघांचे प्रश्न वेगळे वाटतात, पण खातं एकच असतं. तिकडून पैसे येतात ते त्याच खात्यात, आणि इकडचं वीजबिल, सोसायटीचा मेन्टेनन्स, आजीची औषधं हेही त्याच खात्यातून जातं. म्हणून आज आम्ही दोघांशी एकदमच बोलणार आहोत.

बँकेत गेलं की काउंटरवरचा माणूस विचारतो, "एनआरई, एनआरओ की एफसीएनआर?" ही आद्याक्षरं ऐकून समोरच्याला काहीच बोध होत नाही. मग तोच सुचवतो, "एनआरई करून टाका, सगळे तेच करतात." सही होते, विषय संपतो. आमचं म्हणणं असं की आद्याक्षरं जरा बाजूला ठेवा आणि स्वतःला दोन प्रश्न विचारा. हा पैसा कुठे कमावला? आणि हा पैसा शेवटी कुठे खर्च होणार? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर खात्याचा प्रकार ठरतो. तिथे तुम्हाला फारशी निवड नसते, ते काम कायदा करतो. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर चलन ठरतं, आणि तो निर्णय सर्वस्वी तुमचा असतो. लोक पहिल्या प्रश्नावर महिनाभर डोकं खपवतात आणि दुसरा विचारायचंच विसरतात. खरं नुकसान बहुतेक वेळा दुसऱ्यात होतं.

पहिल्यापासून सुरुवात करू. कॉलेजात असताना काढलेलं, पहिल्या नोकरीचा पगार आलेलं एक साधं बचत खातं प्रत्येकाचं असतं. माणूस विमानात बसतो आणि खातं तसंच मागे राहतं. वडिलांकडे डेबिट कार्ड, आईला पिन पाठ. वर्षानुवर्षं तिकडून पैसे त्यातच येत राहतात. यात काय बिघडलं, असं वाटतं. पण हे चालत नाही. १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, ज्याला सगळे 'फेमा' म्हणतात, तो १ जून २००० पासून लागू आहे. त्यानुसार नोकरीसाठी, धंद्यासाठी किंवा किती काळ राहणार हे अनिश्चित आहे अशा हेतूने देश सोडणारा माणूस निघाल्यापासूनच अनिवासी होतो. त्याने आपलं साधं खातं एनआरओ करून घ्यायचं असतं.

इथे '१८२ दिवसां'चा मोठा घोळ आहे. "अजून सहा महिने झाले नाहीत, मग मी अनिवासी कसा?" असं लोक विचारतात. दिवस मोजणारे कायदे दोन आहेत, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. आयकर खातं चालू आर्थिक वर्षातला मुक्काम मोजतं. फेमा मागच्या आर्थिक वर्षाकडे बघतो आणि शिवाय जाण्यामागचा हेतू विचारतो. त्यामुळे जानेवारीत दुबईला नोकरीवर गेलेला माणूस त्या मार्चपर्यंत आयकराच्या दृष्टीने निवासी आणि बँकेच्या दृष्टीने अनिवासी, असा एकाच वेळी दोन्ही असू शकतो. खात्याच्या बाबतीत फेमाचं ऐकायचं. शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांनाही रिझर्व्ह बँकेने २००३ साली अनिवासी मानलं आहे, म्हणजे मास्टर्स करायला जर्मनीला गेलेली मुलगीसुद्धा यात आली. परदेशी कंपनीच्या जहाजांवर काम करणारे आपले कोकणातले खलाशी आणि अधिकारीही यात येतात, जरी त्यांचं घर रत्नागिरीलाच असलं आणि दर सुट्टीत ते तिथेच येत असले तरी.

आता दंडाची भीती. फेमाच्या उल्लंघनाला गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे. रक्कम मोजता येत नसेल तर २ लाखांपर्यंत, आणि उल्लंघन चालूच राहिलं तर दिवसाला ५,००० पर्यंत. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की साध्या खात्यात शिरलेला परदेशी पैसा आपली ओळख हरवून बसतो. समजा, एका जोडप्याने टोरंटोहून दहा वर्षं पुण्यातल्या साध्या खात्यात पैसे साठवले. पुढे तिकडे घर घ्यायचं ठरलं, डाऊन पेमेंटला तेच पैसे परत हवेत. ते एनआरई खात्यात असते तर एका अर्जावर बाहेर गेले असते, कारण या खात्यातली मुद्दल आणि व्याज दोन्ही कधीही, कितीही परत नेता येतं. साध्या खात्यातले पैसे मात्र आता एनआरओचे ठरतात. त्यांना आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा, सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र, कर भरल्याचे कागद. पैसा त्यांचाच, कमावलेला तिकडेच, पण सिद्ध करत बसायचं.

म्हणून नियम असा लक्षात ठेवा. परदेशात कमावलेलं एनआरईमध्ये. भारतात उगवलेलं, म्हणजे फ्लॅटचं भाडं, शेअरचा लाभांश, वडिलोपार्जित घराच्या विक्रीचा हिस्सा, जुन्या नोकरीचा भविष्य निर्वाह निधी, हे एनआरओमध्ये. दोन्हींच्या मधला दरवाजा एकाच बाजूने सहज उघडतो. एनआरईतून एनआरओत पैसे टाकायला कुणी विचारत नाही. उलट दिशेने यायचं तर ती वर सांगितलेली सगळी कागदपत्रं आणि तीच १० लाख डॉलरची मर्यादा. घरचा खर्च भागवायला एनआरओत लागतील तेवढेच टाका. "असू देत तिथे" म्हणून २०-२५ लाख तिकडे सरकवणारे लोक आम्ही पाहतो, ते कशासाठी हे त्यांनाही सांगता येत नाही.

कराचा फरकही इथेच आहे. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त. एनआरओचं व्याज करपात्र, आणि त्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के अधिक उपकर कापला जातो. निवासी ठेवीदारांना मिळते तशी किमान रकमेची सूट इथे नाही. मात्र ज्या देशात राहता त्याच्याशी भारताचा दुहेरी करटाळणी करार असेल तर दर खाली येतो. संयुक्त अरब अमिरातीसाठी साधारण साडेबारा टक्के, अमेरिकेसाठी १५ टक्के. त्यासाठी तिथल्या कर-निवासाचा दाखला दर वर्षी बँकेला द्यावा लागतो. बँक आपणहून मागत नाही. एप्रिल उजाडला की दाखल्याचा अर्ज करायचा, एवढी एक सवय लावून घ्या.

आता दुसरा प्रश्न, आणि आजच्या विषयाचा गाभा. एनआरई म्हटलं की 'फॉरेन अकाउंट' असं लोकांच्या मनात असतं. प्रत्यक्षात ते रुपयांचं खातं आहे. तुमचा डॉलर किंवा दिरहॅम आत शिरताक्षणी रुपया होतो. परत नेताना पुन्हा डॉलर होईल, पण त्या दिवशीच्या भावाने. मधल्या काळात रुपया घसरला तर ते नुकसान तुमचं. एफसीएनआर ही ठेव मात्र खरोखर परकीय चलनात राहते. डॉलर ठेवलेत तर डॉलरच परत मिळतात, व्याजही डॉलरमध्ये. फक्त ती मुदत ठेवच असते, एक ते पाच वर्षांची, आणि वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य.

मग सगळ्यांनी एफसीएनआरच का करू नये? कारण तिचा व्याजदर कमी असतो. इथे एक हिशोब मांडू. दर समजा असे आहेत: डॉलर ८० रुपये, एनआरई मुदत ठेवीला ७ टक्के, डॉलरच्या एफसीएनआरला साडेचार टक्के. हे आकडे उदाहरणापुरते, त्या दिवशीचे खरे दर बँकेत विचारा. तुमच्याकडे १०,००० डॉलर आहेत. एनआरईत टाकले तर ८ लाख रुपये झाले. तीन वर्षांनी, वर्षाला एकदा चक्रवाढ धरली तर, ९ लाख ८० हजार. एफसीएनआरमध्ये तेच १०,००० डॉलर तीन वर्षांनी सुमारे ११,४१२ डॉलर होतात. आता ९ लाख ८० हजाराला ११,४१२ ने भागा. उत्तर येतं सुमारे ८५ रुपये ८८ पैसे. तीन वर्षांनी डॉलर याच्या वर असेल तर, तुम्ही रुपयांतच मोजलंत तरी, कमी व्याजाची ठेव जिंकली. खाली असेल तर एनआरई जिंकली. ७ आणि साडेचार यांची तुलना करून जास्त आकडा निवडणं म्हणजे किलो आणि लिटर यांची तुलना करण्यासारखं आहे. हा भागाकार प्रत्येकाने ठेव करण्याआधी एकदा करावाच. कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

रुपया पुढे किती घसरेल हे आम्ही सांगू शकत नाही, दुसरं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. मागे काय झालं ते बघता येतं. २०१४ च्या सुरुवातीला डॉलर साधारण ६२ रुपये होता, २०२४ च्या सुरुवातीला ८३. वर्षाला सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास घसरण. पण सरासरीवर जाऊ नका. २००३ ते २००७ या काळात रुपया उलट वधारला होता, २००७ च्या अखेरीस डॉलर चाळिशीच्याही खाली आला होता. आणि मग २००८ च्या एका वर्षात तो पन्नाशीला टेकला. रुपया घसरतो तो पायऱ्या उतरल्यासारखा नव्हे, बऱ्याचदा एकदम.

आपल्याकडच्या जुन्या पिढीने हे अंगावर घेतलंय. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखाती देशांसाठी वेगळ्या नोटा छापायची, त्यांना गल्फ रुपी म्हणत. कुवेत, बहारीन, कतार, आजची अमिरात, इथे पगार आणि बाजार रुपयांतच चालायचा. ६ जून १९६६ ला भारताने अवमूल्यन केलं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. तोवर कुवेत आणि बहारीन आपापल्या दिनारकडे वळले होते. रुपयावर राहिलेल्यांच्या गाठीच्या पैशाची किंमत डॉलरच्या हिशोबात रातोरात तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरली, आणि त्यानंतर कतार आणि अमिरातीनेही रुपया सोडला. आज आखातातली बहुतेक चलनं डॉलरला बांधलेली आहेत. सौदी रियाल १९८६ पासून एका डॉलरला ३.७५, अमिरातीचा दिरहॅम १९९७ पासून ३.६७२५. याचा व्यवहारातला अर्थ असा की सौदी किंवा दुबईत कमावणाऱ्याची कमाई नावाला रियाल-दिरहॅमची, प्रत्यक्षात डॉलरची आहे. त्याने एफसीएनआर करायची तर दिरहॅममध्ये ठेव देणारी बँक शोधत फिरायची गरज नाही, डॉलरची ठेव तेच काम करते.

इथे कुणी विचारेल की मग घसरणीचा धोका जातो कुठे? तो नाहीसा होत नाही, कुणाच्या तरी खिशात जातोच. एनआरई योजना १९७० सालची, तिच्यात धोका खातेदाराचा. १९७५ साली एफसीएनआर आली तेव्हा विनिमय दराचा धोका रिझर्व्ह बँकेने स्वतःवर घेतला होता. जुलै १९९१ मध्ये, १ आणि ३ तारखेला, दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं आणि २१ रुपयांचा डॉलर २६ च्या घरात गेला. जुन्या ठेवी फेडताना तो फरक रिझर्व्ह बँकेच्या माथी बसला. त्यातून शहाणपण घेऊन १९९३ साली नवी योजना आणली, तिच्या नावात कंसात 'बी' आहे. तो 'बी' दिसला की समजायचं, हा धोका आता बँकेवर आहे. बँक तो पुढे बाजारात विकते, त्याची किंमत असते, आणि ती किंमत वजा होऊनच तुमचा व्याजदर ठरतो. कमी व्याज मिळतं ते यामुळे.

२०१३ साली हेच गणित उलटं फिरलेलं आपण पाहिलं. त्या ऑगस्टमध्ये डॉलर ६९ च्या जवळ गेला. सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की तीन वर्षं किंवा त्याहून जास्त मुदतीच्या एफसीएनआर ठेवी आणा, त्यांचे डॉलर आमच्याशी साडेतीन टक्क्यांच्या ठराविक दराने अदलाबदल करून देऊ. बाजारात यापेक्षा बरंच महाग पडत होतं. नोव्हेंबर अखेरपर्यंत सुमारे २६ अब्ज डॉलर आले. ते फेडायची वेळ २०१६ च्या शेवटी आली, तीही सुरळीत पार पडली. सांगायचा मुद्दा असा की देशाला डॉलरची निकड लागते तेव्हा अनिवासी ठेवीदाराला चांगले दर मिळतात. तेव्हा डोळे उघडे ठेवा.

तर चलन ठरवायचं कसं? खर्च कुठे आणि कधी, एवढंच बघा. आईवडिलांचा खर्च, नाशिकच्या फ्लॅटचा हप्ता, दोन वर्षांत बहिणीचं लग्न, हे सगळं रुपयांत होणार आहे. ते पैसे एनआरईत ठेवा, डॉलर वर जाण्याची वाट बघत बसू नका. मुलांचं शिक्षण तिकडेच होणार, घर तिकडेच घेणार, तर ते पैसे रुपयांत आणूच नका, सात टक्के दिसले तरी. आणि जिथे नक्की नाही, परत येऊ की राहू हेच ठरलेलं नाही, तिथे निम्मं-निम्मं केलं तरी कुणी हसणार नाही. एक सावधगिरी. 'परकीय चलन म्हणजे सुरक्षित' हेही खरं नाही. २३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये ब्रेक्झिटचं मतदान झालं, आणि दीड डॉलरच्या आसपास असलेला पौंड रातोरात १.३५ च्या खाली गेला. ज्याला शेवटी पुण्यातच खर्च करायचा होता आणि ज्याने सगळं पौंडात ठेवलं होतं, त्याला एफसीएनआरने काही वाचवलं नाही.

ठेवीच्या सुरक्षिततेबद्दल एकच. भारतात ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या सगळ्या ठेवी मिळून, व्याजासकट, ५ लाख रुपयांपर्यंतच विमा आहे. अमेरिकेत हाच आकडा अडीच लाख डॉलर आहे. तिकडच्या सवयीने इकडे एकाच बँकेत ८०-९० लाख ठेवताना, आणि तेही अर्धा टक्का जास्त देते म्हणून एखाद्या लहानशा बँकेत, हा फरक डोक्यात असू द्या.

पैसे पाठवण्याच्या खर्चाबद्दल थोडक्यात. 'शून्य शुल्क' ही जाहिरात खरी असते, फसवी पण असते. शुल्क नसतं, ते भावात असतं. बाजारात डॉलर ८३ रुपये असताना तुम्हाला ८२ रुपये २० पैसे दिले, तर २,००० डॉलरमागे १,६०० रुपये गेले. त्यावर चलन बदलण्याच्या सेवेचा जीएसटी, या रकमेला सुमारे २४० रुपये. बँकेच्या तारेने पाठवलं तर मधली बँक आपला कट घेते तो निराळा. तुलना करायची तर दर आणि शुल्क असे दोन रकाने मांडू नका. "मी २,००० डॉलर दिले तर खात्यात नेमके किती रुपये पडतील?" एवढा एकच प्रश्न तीन ठिकाणी, एकाच तासात विचारा. हुंडी-हवाल्याचा भाव थोडा बरा दिसतो, पण तो पैसा एनआरईत कधीच शिरू शकत नाही. म्हणजे पुन्हा ती ओळख हरवण्याची गोष्ट. सुट्टीवर येताना रोख आणत असाल तर नोटा ५,००० डॉलरच्या वर, किंवा नोटा आणि इतर साधनं मिळून १०,००० च्या वर असतील तर विमानतळावर कस्टमला जाहीर करा आणि तो कागद जपून ठेवा. बँक तो मागते.

आता आईवडिलांकडे वळू. डेबिट कार्ड आणि पिन घरी ठेवणं ही आपल्याकडची सार्वत्रिक पद्धत आहे, आणि ती चुकीची आहे. मुलाच्या कार्डाने वडील पैसे काढतात तेव्हा बँकेच्या लेखी ते मुलानेच काढलेले असतात. काही गडबड झाली तर दाद मागायला जागा नाही. सरळ मार्ग दोन आहेत. एक म्हणजे निवासी नातेवाइकाला खात्यात 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने जोडणं. याचा अर्थ मुलगा हयात असेपर्यंत खातं त्याचंच, वडील चालवतील ते त्याचे मुखत्यार म्हणून. दुसरा म्हणजे बँकेच्या नमुन्यात मुखत्यारपत्र. त्यावर वडील इथली बिलं भरू शकतात, मुलाला पैसे परत पाठवू शकतात, पण मुलाच्या वतीने तिसऱ्याला भेट देऊ शकत नाहीत. या मर्यादा त्यांच्याही संरक्षणासाठी आहेत.

आणि ओटीपी. आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त रडारड याचीच. इथला मोबाइल नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद पडतो, काही महिन्यांनी कंपनी तो दुसऱ्याच कुणाला देते, आणि तुमच्या खात्याचे संदेश त्या अनोळखी माणसाला जायला लागतात. निघण्याआधीच खात्याला परदेशी नंबर जोडा, किंवा इथला नंबर चालू राहील अशी व्यवस्था करा. २०२३ पासून काही देशांच्या नंबरवर एनआरई-एनआरओ खात्यांना यूपीआयही मिळतं. आयकर खात्याच्या पोर्टलवर आपण अनिवासी असल्याची नोंद करायची राहिली म्हणून अनेकांचा पॅन निष्क्रिय झाला, तेही त्याच दिवशी उरकून घ्या.

तिकडचा कर हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'एनआरईचं व्याज करमुक्त' हे वाक्य भारतापुरतंच खरं आहे. आखातात पगारावर वैयक्तिक आयकर नाही, तिथे प्रश्न येत नाही. अमेरिकेत राहणाऱ्याला जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं, त्यात सांगलीच्या एनआरई ठेवीचं व्याजही आलं. शिवाय अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तर 'एफबार' नावाचं वेगळं विवरण भरायचं. यात आईबरोबरचं जोडखातंही मोजतात, पैसा पूर्णपणे आईचा असला तरी. लपून राहील असं समजू नका. जुलै २०१५ मध्ये भारत-अमेरिकेचा खात्यांची माहिती कळवण्याचा करार झाला, आणि इतर अनेक देशांशी अशी देवाणघेवाण २०१७ पासून सुरू आहे.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्या आहेत. वेळेत बसतील तेवढ्या घेऊ.

"मुलगा पुढच्या वर्षी कायमचा परत येतोय. खाती बंद करायची का?" बंद नाही, बदलायची. कायमचा आला की तो फेमाने लगेच निवासी होतो. एनआरओ आणि एनआरई खाती निवासी करून घ्यायची. एनआरईच्या व्याजाची करमाफी तिथेच संपते, मुदत ठेवीची तारीख बाकी असली तरी. एफसीएनआर मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालू ठेवता येते. ती संपली की पैसे रुपयांत आणायचीही सक्ती नाही. परतलेल्यांसाठी आरएफसी नावाचं खातं आहे, त्यात डॉलर डॉलरच राहतात आणि पुन्हा बाहेर जायचं झालं तर बाहेर नेता येतात. बरीच वर्षं बाहेर काढलेल्यांना आल्यावर साधारण दोन-तीन वर्षं आयकरात 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' असा मधला दर्जा मिळतो. त्या काळात एफसीएनआर आणि आरएफसीचं व्याज करमुक्त असतं. म्हणून परतीचं तिकीट काढण्याआधी एनआरईच्या काही ठेवी एफसीएनआरमध्ये नेता येतील का, हे बघा. उतरल्यावर ते करता येत नाही.

"तिकडचं बँक खातं चालू ठेवलं तर गुन्हा का?" नाही. परदेशी राहत असताना मिळवलेली मालमत्ता परतल्यावरही बाळगायला फेमाच्या कलम ६(४) ची परवानगी आहे. शेवटची देणी, कराचा परतावा, घरमालकाकडची अनामत जमा होईपर्यंत तर ते बंद करूच नका. मात्र आखातात कर्ज डोक्यावर असताना नोकरी सोडत असाल तर आधी बँकेशी बोला, नोकरी संपल्याचं कळताच खातं रोखून धरल्याची उदाहरणं आहेत. परतल्यावर मधला दर्जा संपून पूर्ण निवासी झालात की आयकर विवरणात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो. खात्यात अगदी थोडे पैसे असले तरी नोंद करा. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात न सांगितल्याबद्दल १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे. छोट्या रकमांना त्यातून सूट दिली आहे, पण नोंद करणं टळत नाही.

"आम्ही गोव्याचे. भावाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आणि तो लंडनला आहे. त्याला एनआरई चालेल?" चालेल. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकालाही ही तिन्ही खाती काढता येतात. पण पासपोर्ट बदलला त्या दिवशी तो भारताचा नागरिक राहिला नाही. बँकेत अजून जुना भारतीय पासपोर्टच लावलेला असेल तर ओसीआय कार्डासह कागद बदलून घ्या.

शेवटची चिठ्ठी. "मुलगी दर महिन्याला तिच्या एनआरईतून माझ्या खात्यात ४०,००० टाकते. मला कर लागेल का?" नाही लागणार, आई. मुलीने आईला दिलेली रक्कम भेट समजतात, जवळच्या नातलगाकडून आलेल्या भेटीवर कर नाही, रक्कम कितीही असो. त्यातले उरलेले साठवून तुम्ही मुदत ठेव केलीत तर त्या ठेवीचं व्याज मात्र तुमचं उत्पन्न. पासबुकात नोंद मुलीच्या खात्यावरून आल्याची स्पष्ट दिसते आहे ना, तेवढं एकदा तपासून घ्या.